हर्बूज, पुल्लिंगी नाम

त्यांना युक्रेनी भाषेतले एकच नाम येत होते, पण ते सातही विभक्त्यांत येत होते. हर्बूज. अर्थ, भोपळा. लिंग, पुल्लिंग. सोहारमधल्या त्यांच्या घरी कोणी पहिल्यांदा आले की चहा उकळेपर्यंत या नामाची रूपे ऐकावी लागत: हर्बूज, हर्बुजा, हर्बुजोवी, पुन्हा हर्बुजा, हर्बुजोम, हर्बुजी आणि शेवटी संबोधन, हर्बुजे. संबोधन म्हणताना ते रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा हात उंच करत आणि लगेच भाषांतर देत, "म्हणजे, अरे भोपळ्या!" आतून त्यांच्या पत्नीचा आवाज येई, "ओ देऊ का?"

मी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. आधी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. सोहारच्या एका पोलाद कारखान्यात कागदपत्रे सांभाळायची नोकरी मिळाली, म्हणून ओमानला आलो. ते त्याच कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. कारखान्यात त्यांना सगळे सर म्हणत आणि मराठी मंडळात काका. मी जागा बघून दोन्ही म्हणायचो. ही गोष्ट मागच्या दशकाच्या मध्यावरची आहे.

अंगकाठी बारीक. जुलैच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचे बटण लावलेले. बाजारात ते भाजी हाताने दाबून बघत नसत. कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकत आणि आवाज ऐकत. तिथला बांगलादेशी भाजीवाला त्यांना "डॉक्टर साब" म्हणे आणि ते ठोकत असताना बाकीच्या गिऱ्हाइकांना गप्प राहायला सांगे. कांदे घ्यायला दहा मिनिटे लागत. कलिंगडाला जास्त.

त्यांचा दुसरा विशेष असा, की ते कोणालाही नाही म्हणत नसत. ही सवय नव्हती. त्यांना ते जमतच नव्हते. "बघू", "करू या ना", "थोडं पुढे ढकलू" आणि या सगळ्यांच्या शेवटी "इन्शाल्ला". कारखान्याचे उत्पादन व्यवस्थापक ओमानी होते आणि कामापुरती हिंदी उत्तम बोलत. एकदा मीटिंगमध्ये ते वैतागून म्हणाले, "अरे भाई, तुम्हारा इन्शाल्ला हमारे इन्शाल्ला से भी लंबा है."

अडचण अशी, की प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे काम मुख्यतः नाही म्हणण्याचेच असते. भट्टीतून निघणारा पोलादाचा प्रत्येक घाणा तपासायचा, त्याचा तुकडा ताणून बघायचा आणि तो लवकर तुटला तर सगळा माल नापास करायचा. नापास करण्यात त्यांनी कधी चूक केली नाही की कोणाची भीड ठेवली नाही. पण ते तोंडाने सांगत नसत. तुटलेला तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून तो कागद शिफ्टच्या प्रमुखाच्या टेबलावर मध्यभागी मांडत आणि निघून येत. कारखान्यात याला "तुकडा आला" असे म्हणत. मलयाळी शिफ्टप्रमुख सकाळी फोन करी, "सर, आज मेरे टेबल पे कुछ रखना नहीं, प्लीज." सर उत्तर देत, "बघू."

मंडळाच्या लोकांनी एका वर्षी त्यांना अध्यक्ष व्हायची गळ घातली. त्यांनी तीन वेळा "बघू" म्हटले. चौथ्या वेळी मंडळाच्या सभेत त्यांच्याकडून एक घडीची खुर्ची पोचली, रिकामी. सचिव बराच वेळ खुर्ची उघडून बघत होते, आत चिठ्ठी असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मला विचारले, "ही देणगी समजायची की काय?" मी म्हटले, नकार समजा. सचिव म्हणाले, "मग खुर्ची परत करायची का?"

हे सगळे गमतीचे होते, जोपर्यंत नकार त्यांचा स्वतःचा होता. त्या उन्हाळ्यात तो त्यांच्या मुलीचा होता.

मुलगी सुजाता, घरात सुजू. चोवीस वर्षांची. जन्मापासून ओमानमध्ये, शिक्षण सोहारच्या भारतीय शाळेत, पदवी पुण्याची, आणि आता सोहार बंदरावर एका माल वाहतूक कंपनीत नोकरी. तिला मागणी आली होती इब्रीहून. इब्री सोहारपासून तीन तासांवर, डोंगरापलीकडे. मुलाचे वडील म्हणजे यांचे सगळ्यात जुने मित्र, वयाने चार वर्षांनी मोठे, म्हणून हे त्यांना दादा म्हणत. भारतातला कारखाना बंद पडला तेव्हा दादांनीच यांना व्हिसा काढून दिला होता आणि पुढचे अकरा महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतले होते. सुजूचा जन्म व्हायचा होता तेव्हा दवाखान्यात गाडी घेऊन दादाच गेले होते. आता दादांना वाटत होते, मुलगा इंजिनियर आहे, आपल्यातलाच आहे, सुजूला लहानपणापासून बघितलेले आहे; मग बाहेर का शोधायचे?

सुजूने बापाला एका वाक्यात सांगितले. मी जिन्यावर होतो, मला ऐकू आले. "बाबा, तो चांगला आहे, पण मला त्याच्याशी लग्न नाही करायचं. तुम्ही दादाकाकांना सांगाल ना?"

"सांगतो ना."

"नक्की? म्हणजे properly?"

"म्हटलं ना, मी बघतो."

काकू आतून म्हणाल्या, "झालं. आता लग्नाचे पेढे खायलाच भेटू."

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या घरी, कोकणात, स्थळाला नकार द्यायचा असला तर पत्रिका उपयोगी पडते. जुळत नाही म्हणून कळवायचे. कोणाचा अपमान नाही, दोष ग्रहांचा. हे कुटुंब बौद्ध. त्यांच्यात पत्रिका बघत नाहीत. ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडे ती सोय आहे. आम्ही बाबासाहेबांचं ऐकून पत्रिका सोडली ते बरोबरच केलं. पण नाही म्हणायची दुसरी काही व्यवस्था करायची राहून गेली." थोडे थांबून म्हणाले, "युक्रेनमध्ये आहे."

मग त्यांनी मला तो शब्द पहिल्यापासून सांगितला. टेबलावर बिस्किटे होती. ती त्यांनी नकाशासारखी मांडली.

"हे इराण. इथे शब्द आहे खर्बुजा. काही लोक सांगतात, खर म्हणजे गाढव, गाढवाची काकडी. खरं-खोटं मला माहीत नाही. हा खाली आपल्याकडे आला, खरबूज झाला. फळ तेच, गोड, फक्त आपण त्याला नपुंसकलिंगी केलं. वर तुर्कांकडे गेला, कारपुझ झाला, आणि फळ बदललं. कलिंगड झालं. तिथून वर गवताळ मुलखात. रशियनांनी अर्बूज केलं, कलिंगडच ठेवलं. युक्रेनी लोकांनी हर्बूज केलं, आणि काय केलं? भोपळा."

"असं का?" मी विचारले.

"भोपळा अमेरिकेहून आला. नवा माणूस, नाव नाही. आणि हे नाव मोकळं होतं, कारण कलिंगडाला त्यांनी आधीच दुसरं तुर्की नाव दिलेलं होतं, कावून. आता तुर्कीत कावून म्हणजे काय? खरबूज!"

सुजू फोनमधून डोके वर न काढता म्हणाली, "म्हणजे सगळे दुसऱ्याच्या नावावर काम करतायत."

"इथल्यासारखंच," ते म्हणाले. "व्हिसावर सुतार, काम हिशेबाचं."

त्या शब्दातल्या ह बद्दल त्यांना विशेष अभिमान होता. निप्रो नदीकाठच्या एका पोलादी शहरात ऐंशीच्या दशकात ते शिष्यवृत्तीवर धातुशास्त्र शिकले. शिक्षण रशियन भाषेत. वसतिगृहातल्या रशियन मुलांना युक्रेनी ह काढता येत नसे, ते ग म्हणत. यांचा ह पहिल्याच दिवशी बरोबर आला, कारण मराठी ह तसाच आहे, घोगरा, छातीतून येणारा. "सहा वर्षांत मला पैकीच्या पैकी गुण एकाच गोष्टीत मिळाले," ते सांगत, "आणि ती परीक्षेत नव्हती."

त्या काळात युक्रेन रोज बातम्यांत होते. मी जुन्या सवयीने त्यांना विचारले की त्यांचे मत काय. ते म्हणाले, "मला त्यांच्या भाषेतलं एक नाम येतं. एका नामावर मत देता येत नाही." पण बातम्या लागल्या की ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहत आणि नकाशावर एक विशिष्ट ठिकाण बोटाने झाकत. काकू तेव्हा काही बोलत नसत.

ते नाम त्यांना कसे मिळाले याची हकिकत मी किमान सहा वेळा ऐकली. तपशील कधी बदलले नाहीत, म्हणून विश्वास ठेवायला हरकत नाही.

शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला मागणी घालायला ते तिच्या गावी गेले. सोबत एक बंगाली वर्गमित्र, मोठ्या माणसाची जागा भरायला. घरात मुलीचे आईवडील आणि आजी. जेवण झाले, गप्पा झाल्या. मग मागणीचा विषय निघाला. मुलगी आत गेली आणि एक मोठा भोपळा घेऊन बाहेर आली. तिने तो यांच्यासमोर ठेवला. कोणी काही बोलले नाही.

त्या भागात मुलीला मागणी घालायला आलेल्यांना भोपळा देणे म्हणजे नकार. तोंडाने काही सांगायचे नाही, कारणे द्यायची नाहीत. भोपळा मिळाला की उठायचे. यांना हे माहीत नव्हते. यांना एवढेच माहीत होते की चांगल्या घरातून पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. यांचे डोळे भरून आले. यांनी भोपळा दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मुलीच्या आईच्या पायाही पडले.

"बंगाल्याला काही शंका आली नाही?" मी विचारले.

"तो म्हणाला, तुझं नशीब थोर, आमच्याकडे पहिल्या भेटीत फक्त मिठाई देतात."

भोपळा मांडीवर घेऊन ते रेल्वेने परतले. डब्यातले लोक त्यांच्याकडे बघून गप्प होत. एका म्हाताऱ्याने खांद्यावर थोपटले. हे त्यांना अभिनंदन वाटले. वसतिगृहात त्यांनी भोपळ्याची भाजी केली, सुक्या मिरच्या आणि साखर घालून, आणि मजल्यावरच्या अकरा मुलांना वाढली. पुढच्या रविवारी ते पुन्हा त्या गावी गेले, चहाचा मोठा डबा घेऊन, कारण कोणी काही दिले तर आपणही काही द्यावे लागते.

दार आजीने उघडले. चहाचा डबा बघून तिला आधी काही उमगेना. मग उमगले, तेव्हा ती पायरीवर बसून हसली, आणि मग हसता हसता रडली. घरात दुसरे कोणी नव्हते. तिने त्यांना स्वयंपाकघरात बसवले, भोपळ्याचा अर्थ सांगितला, आणि पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून शब्द सगळ्या रूपांत पाठ करून घेतला. द्यायचा भोपळा असला की त्याला वेगळे रूप लागते, हे तिनेच शिकवले. आपण मराठीत घर पाहिलं म्हणतो, पण मुलाला पाहिलं म्हणतो. जिवंताला ला लागतो. तसे त्यांच्यात जिवंताला एक रूप असते, आणि भोपळा देताना भोपळ्यालाही तेच. "म्हणजे देताना तो जिवंत धरतात," ते सांगत. "निर्जीव वस्तूचा नकार कोणी कशाला मानेल?" शेवटचे वाक्य नेहमी हेच असे: "माणसाला नकार मिळतो, मग तो पचवावा लागतो. मी आधी पचवला, मग मला मिळाला."

काकूंची पुस्ती ठरलेली होती. "त्या मुलीचे उपकार. तिने भोपळा दिला म्हणून हे माझ्या पानात पडले."

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. दादांचा फोन दर चार दिवसांनी येत होता. हे दर वेळी म्हणत, "हो दादा, बोलू ना, या ना एकदा." बोलू म्हणजे नाही, हे त्यांच्या मनात स्पष्ट होते. दादांच्या बाजूने तो होकार होता. एका शुक्रवारी दादा, वहिनी आणि मुलगा सोहारला येणार असे ठरले. सुजूने विचारले, "बाबा, तुम्ही अजून सांगितलं नाही?" ते म्हणाले, "समोर सांगणं बरं."

गुरुवारी संध्याकाळी ते बाजारात गेले आणि मला बरोबर नेले. त्यांनी चौदा भोपळे ठोकले. पंधरावा घेतला, साधारण सात किलोचा. मला तेव्हाच काय ते कळले. मी म्हटले, "काका, दादांना ती हकिकत माहीत आहे का?"

"सांगितली होती बहुतेक."

"बहुतेक?"

"त्यांच्याकडे राहत होतो तेव्हा, कंपनीच्या कॅम्पवर. त्यांना झोप लागली होती की नव्हती, आठवत नाही."

शुक्रवारी पाहुणे आले. पोहे झाले, सरबत झाले. मुलगा सुजूशी बंदराच्या क्रेनबद्दल बोलला. दोघेही शाळेतल्या वर्गमित्रांसारखे इंग्रजीत, आणि दोघेही घड्याळाकडे बघत. मला खाली जेवायला बोलावले होते, त्यामुळे पुढचे मी स्वतः बघितले. पाहुणे निघताना यांनी आतून भोपळा आणला आणि दादांच्या हातात दिला. सावकाश, दोन्ही हातांनी. मान खाली होती. कारखान्यात कागदावर तुकडा ठेवताना त्यांचा चेहरा असाच होत असे.

वहिनी म्हणाल्या, "अय्या, केवढा! घरचा का हो?"

दादा म्हणाले, "अरे, तुला कोणी सांगितलं हे सगळं करायला?" आणि खूश होऊन यांना मिठी मारली, मध्ये भोपळा ठेवून. भोपळा मागच्या सीटवर मुलाशेजारी ठेवला गेला. मुलाने त्याला पट्टा लावला. गाडी गेली.

सुजू दारात उभी होती. "बाबा, सांगितलं?"

"दिला ना."

"पण त्यांना कळलं का?"

"कळेल."

काकूंनी पोह्यांच्या बश्या उचलल्या. "तुम्हाला कळायला आठवडा लागला होता. आणि चहाचा डबा."

रविवारी दादांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण यांना फोन कानाला लावायचा धीर होत नव्हता. दादा म्हणाले, "अरे, तुझ्या भोपळ्याची भाजी झाली, घारगे झाले, शेजाऱ्यांकडे पाठवले. तुझी वहिनी म्हणते, मुलीकडच्यांनी एवढ्या मायेनं फळ दिलं म्हणजे आता वेळ नको लावायला. पुढच्या शुक्रवारी आम्ही सुजूला साडी घेऊन येतो. तिथेच तारीख ठरवू. काय?"

"हो दादा. बघू. इन्शाल्ला."

फोन ठेवला. मग सुजू बोलली. आवाज चढलेला नव्हता. ती मराठीत बोलत होती आणि शब्द शोधत होती, म्हणून वाक्ये तुटक येत होती. "बाबा. मी तुम्हाला एकच काम सांगितलं. तुम्ही सगळ्यांना जपता. दादाकाकांना जपता. मला पण जपा ना. साडी आली तर... मग मी नाही म्हटलं तर मी वाईट. आता म्हटलं तर फक्त नाही."

त्यांनी टेबलावरचा फोन उलटा ठेवला. नंतर मला म्हणाले, "परवा सुट्टी मिळेल तुला? गाडी तू चालव. माझं लक्ष रस्त्यावर राहणार नाही."

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही तिघे निघालो. काकू आल्या नाहीत, म्हणाल्या, "मी आले तर मीच बोलून मोकळी होईन, आणि मग यांचं राहूनच जाईल." वादी जिझ्झीच्या खोऱ्यातल्या रस्त्याने आम्ही डोंगरात शिरलो. डोंगर संपला, सपाट मुलूख सुरू झाला, आणि त्यांनी सराव सुरू केला.

"दादा, विषय असा आहे की..."

"नको," सुजू मागून म्हणाली. "विषय नको. Direct."

"दादा, सुजूचं म्हणणं पडलं की आत्ता सध्या..."

"सध्या नको, बाबा! सध्या म्हटलं की ते म्हणतील पुढच्या वर्षी."

"दादा, तुमचे माझ्यावर फार..."

"ते तर अजिबात नको."

मी म्हटले, "काका, बातमीत पहिल्या वाक्यात काय घडलं ते सांगतात. बाकी खाली."

"आणि खालचं कोणी वाचलंच नाही तर?"

"तरी चालतं."

धंक गाव मागे पडले तेव्हा ते "नाही" हा एकच शब्द म्हणून बघत होते, खिडकीकडे तोंड करून, वेगवेगळ्या आवाजांत. एक आवाज फार मोठा लागला तेव्हा स्वतःच दचकले. इब्रीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर त्यांनी तोंड धुतले आणि गळ्याचे बटण पुन्हा लावले.

दादांचे घर बाजारामागच्या गल्लीत. दादा कामावर जायला निघत होते, दारातच भेटले.

"जयभीम! अरे, न सांगता? सुजूपण? या, या. अगं, बघ कोण आलंय!"

यांनी बूट काढले नाहीत. "जयभीम दादा. आधी एक उभ्यानं बोलतो."

"उभ्यानं काय? मी काय कलेक्टर आहे?"

"दादा, सुजूला हे लग्न करायचं नाही. तिचं उत्तर नाही, असं आहे. पहिल्या दिवसापासून नाही होतं. सांगायचं माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही."

एवढेच. मी मनात शब्द मोजत होतो. सहाव्या शब्दात मुख्य गोष्ट आली होती. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण ते मागे सरले नाहीत.

दादांनी सुजूकडे बघितले. "तुझं म्हणणं आहे हे?"

"हो काका. Sorry. पण हो."

वहिनी आतून हात पुसत आल्या होत्या. "मग तो भोपळा?"

"तो नकार होता, वहिनी. माझी पद्धत चुकली."

"अहो, आम्ही त्याचे घारगे खाल्ले!"

दादा हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि हे उभेच राहिले. दादांचा आवाज बदललेला होता. "तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटलोय. आणि तू हो दादा, हो दादा. का रे? मुलीनं नाही म्हटलं याचं मला काही नाही. तिचा हक्क आहे. तू का नाही सांगितलंस?"

हे म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, ते मला कळत नव्हतं."

"म्हणजे तुझा व्हिसा मी काढून दिला तो पुढेमागे मुलगी मागायला?" दादा उठले. "वीस-पंचवीस वर्षं तू हे डोक्यात घेऊन माझ्याकडे जेवतोयस? राग आला मला. खरंच राग आला. याचा आला. बस आता."

"दादा..."

"बस म्हणतोय ना! बूट काढ आणि बस."

ते बसले. बुटाची नाडी सुटेना, तेव्हा दादांचा मुलगा, जो आतल्या दारात उभा राहून सगळे ऐकत होता, पुढे आला आणि खाली वाकून ती सोडवू लागला. मान खालीच ठेवून तो सुजूला म्हणाला, "Thanks. खरं सांगू, मी पण पप्पांना कसं सांगायचं हाच विचार करत होतो." दादांनी ते ऐकले. त्यांनी आधी मुलाकडे बघितले, मग मित्राकडे, आणि कपाळाला हात लावला.

"खरं सांगतो, दोन घरांत मिळून तोंड फक्त हिलाच आहे," ते सुजूकडे बोट करून म्हणाले.

वहिनींनी चहा ठेवला. दादांनी ऑफिसात फोन करून सांगितले, आज उशीर होईल. दोघे मित्र बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी बोलले: कॅम्पवरचा एक स्वयंपाकी, जुनी गाडी, कोण परत गेले, कोण राहिले. दादांचा राग पूर्ण गेला नव्हता, मधेच आठवण होऊन ते म्हणत, "शेजाऱ्यांना काय सांगू?" हे म्हणत, "खरं सांगा." दादा म्हणत, "हो, आता तू शिकव मला." पण चहा दोनदा झाला, आणि दुसऱ्यांदा दादांनी स्वतःच्या हाताने कप भरला.

सुजू मधेच उठून अंगणात गेली. उन्हात गाडीला टेकून ती सोहारला फोन लावत होती. खिडकी उघडी होती.

"आई, झालं. हो... हो, सगळं ठीक आहे. नाही नाही, मी नाही. बाबांनीच." मग तिकडून काहीतरी विचारले गेले असावे, कारण ती थांबली, आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

"हो आई. तोंडानं."